छाटणीच्या दिवसांतला पाहुणा

शिवाजी पेठ, कोल्हापूर
८ सप्टेंबर २०२५

प्रिय कृष्णा,

आज पहाटे जाग आली ती घाटगे मास्तरांच्या डस्टरच्या आवाजानं. मास्तर जाऊन चाळीस वर्षं झाली. आपली शाळा पाडून तिथं आता मोटारी उभ्या करतात. पण आवाज अगदी उशाशी होता. कविता शिकवताना ते लाकडी डस्टर टेबलावर आपटून चाल धरायचे, आठवतं? टक् टक्, टक् टक्. साठ पोरं एका सुरात म्हणायची आणि ओळ संपली की मास्तर डस्टर हवेतच धरायचे. त्या क्षणभराच्या शांततेत पुढची ओळ कुठं जाऊन थांबत असेल, असं मला तेव्हा वाटायचं. बहात्तरी आली तरी वाटतंच.

आज आमची क्षमावाणी. पर्व संपलं की वर्षभरातल्या चुकांची एकमेकांपाशी हात जोडून क्षमा मागायची, लांबच्यांना कार्ड पाठवायचं. तुलाही दर साली जातं. ‘जाणता-अजाणता आपले मन दुखावले असल्यास उत्तम क्षमा.’ छापील. खाली माझी सही. यंदाही सूनबाईनं, सोनलनं, कार्डांचा गठ्ठा समोर आणून ठेवला. तुझ्या कार्डावर सही केली, आणि ते पाकिटात घालायला हात होईना.

कृष्णा, मला तुझ्यापाशी जे बोलायचं आहे ते छापील नाही. आठवीच्या वर्गातलं आहे. ते काय, हे तुला ठाऊक आहे, आणि तुला ठाऊक आहे हे मला. फौंड्रीच्या दणदणाटानं तुझे कान गेले, त्यामुळं फोनवर सांगता येत नाही. खरं तर कान असते तरी फोनवर सांगितलं नसतं. समोर बसून सांगायचं आहे. अठ्ठावन्न वर्षं टाळलं, आता टाळायला पुढं फारशी वर्षं नाहीत.

तेव्हा मी येतो. तू लेकीकडं, वर्षाराणीकडं, दिंडोरीला राहायला गेल्यापासून एकदाही आलो नाही. शरद ऋतू म्हटलं की मला पाठ्यपुस्तकातलं धुतलेलं आभाळ दिसतं. त्या आभाळाखाली तुझे द्राक्षमळे कसे दिसत असतील याची चित्रं मी मनात काढत बसलो आहे. कधी येऊ ते कळव.

तुझाच,
तात्या

*

दिंडोरी
१६ सप्टेंबर

तात्या मास्तर,

तुला रामराम, आनि तुझ्या त्या डस्टरला पण.

कागद मिळाला. वर्षाराणी म्हणली, पप्पा, एवढं लांबडं कोण लिहितंय? म्हणलो, माझा दोस्त हाय, तात्यासो मगदूम, शाळामास्तर हुता. त्याला आता बस म्हणायला घाटगे मास्तर न्हाईत.

ये की मर्दा. इचारतोस काय? पण आधीच सांगतो, ह्यो सगळा वाइनचा मुलूख हाय. जावई ऋतुराजची सहा एकर बाग, समदी द्राक्षं वाइनच्या कारखान्याला जात्यात. शनवार-रविवार पुण्या-मुंबईची पोरंपोरी येत्यात. काचेचा पेला उन्हात धरत्यात, हुंगत्यात, तोंड वाकडं करत्यात आनि ‘वा’ म्हणत्यात. तू जैन माणूस, पाणी गाळून पिणारा. तू तिथं काय हुंगणार? द्राक्षं म्हणशील तर ती पण न्हाईत, ती जानेवारीत. आत्ता छाटणी. बाग पार नागडी करून टाकत्यात. मग बायका हातात मोजे घालून काडीच्या एकेका डोळ्याला, कोंब फुटतो तिथं, औषध लावत्यात. त्याबिगर डोळा जागा हुत न्हाई. आनि छाटलेल्या टोकातनं दिवसभर थेंब थेंब पाणी गळतं. मला ऐकू येत न्हाई, पण दिसतं.

माझं म्हणशील तर डॉक्टर म्हणतो, काळीज पंचवीस टक्के चालतंय. म्हणलो, डॉक्टर, आमच्या शिरोलीच्या फौंड्रीत चारातली एक भट्टी चालू असली तरी मालक खूश असायचा. त्यो न्हाई हसला. जेवण जात न्हाई. कानाचं मशीन लावलं तर नुसतं वारं ऐकू येतं, माणसांचं बोलणं ओठांवरनं वळखतो.

आठवीतलं बोलायचं हाय म्हणतोस. बोल की, येऊन बोल. तुझी कार्डं मी टाकून दिलेली न्हाईत. एकतीस हाईत. दर साली पाकीट फोडतो, वाचतो, आनि उलटं करून मागं काय लिहिलंय काय बघतो. मागं कोरंच असतंय.

दिवाळी झाली की ये. त्याच्या म्होरं लांबवू नको.

कृष्णात पोवार

*

शिवाजी पेठ
२३ सप्टेंबर

प्रिय कृष्णा,

‘मागं कोरंच असतंय’ हे वाक्य मी पाठ करून टाकलं आहे. आयुष्यात जे जे बोचलं ते माझं पाठच झालं.

तर बेत असा. २८ ऑक्टोबर, मंगळवार. संध्याकाळच्या नाशिक गाडीचं खिडकीचं तिकीट काढलं आहे. निघण्याआधी, दिवस असतानाच, घरी जेवेन. सोबत दशम्या, दाण्याची चटणी आणि पाण्याची गाळलेली बाटली. सकाळी नाशिक, तिथून दिंडोरीची गाडी. चार दिवस राहीन. बाग पाहू, तुझ्या त्या वाइनच्या कारखान्याची पिंपंही बाहेरून पाहू. पहिल्या दिवशी मात्र आपण दोघंच ओसरीवर बसू. मला तेवढा एक दिवस दे.

घरात या बेतावर वादळ झालं. जून महिन्यात कळंब्याच्या तलावावर फिरायला गेलो होतो, परतताना घरची वाट आठवेना. तासभर कठड्याला धरून उभा होतो. ते केतननं धरून ठेवलं आहे. मुलगा आहे, काळजी करणारच. म्हणतो, “आण्णा, कळंब्यासनं घर सापडंना आनि दिंडोरीला कुठं निघालासा?” शेवटी सोनल मध्ये पडली. तिची अट एकच: खिशात नाव, पत्ता आणि फोन नंबर लिहिलेला कागद ठेवायचा. शाळेत पहिलीच्या पोरांच्या सदऱ्याला असतो तसा. मी हो म्हटलं.

एक कबूल करतो. रोज दुपारी आडवा झालो की मी मनानं तुझ्या ओसरीवर येऊन बसतो आणि बोलायची तालीम करतो. ओसरी मी पाहिलेली नाही, पण मला दिसते: डाव्या हाताला लोखंडी खाट, खुंटीला कंदील. तू समोर असतोस. मी तोंड उघडतो. रोज पहिल्याच वाक्याशी अडखळतो आणि डोळा लागतो.

अजून महिना आहे. जमेल.

तात्या

*

दिंडोरी
दसरा, २ ऑक्टोबर

तात्या,

सोनं घे. नीट पोचलास का? पोचल्याचा कागद न्हाई, म्हणून जिवाला घोर लागलाय.

असं न सांगता येतंय व्हय कोण? तिकीट म्हणलास म्हैनाभरानंतरचं, आनि गेल्या रविवारी, अठ्ठावीस सप्टेंबरला, भर दुपारी बागेतनं चालत आलास. वर्षाराणी आनि ऋतुराज नाशकाला गेलते. घरात मी एकटा. छाटणीच्या बायकांवर नजर ठेवायला बयाबाई असती, ती पळत आली आनि हातानं खुणा कराय लागली, पाव्हणं आल्यात, पाव्हणं. बघतो तर सऱ्यांच्या मधनं तू. पांढरा सदरा, लेंगा, टोपी. पायांत काय न्हाई. छाटलेल्या काड्या सऱ्यांत पडल्यात, टोकदार, बायका बूट घालून हिंडत्यात. तू त्यावरनं अनवाणी आलास आनि एक काडी मोडली न्हाई, असं बयाबाई मागनं म्हणली. म्हातारा माणूस, हलका असंल, म्हणलो मी.

तू थेट ओसरीवर आलास आनि डाव्या हाताच्या लोखंडी खाटंवर बसलास. जसं काय रोजचाच हाईस.

आता ऐक. माझं मशीन आत टेबलावर पडलं हुतं, बॅटरी उतरली म्हणून. तू बोलाय लागलास आनि मला लख्ख ऐकू आलं. शब्द न् शब्द. फौंड्रीत जायच्या आधी जसं ऐकू यायचं तसं. तू थांबलास की परत कानात वारं. तू बोललास की परत लख्ख. मला रडाय आलं त्ये तुझ्या बोलण्यानं का ऐकू आल्यानं, त्ये मला बी कळलं न्हाई.

तू जे बोललास त्ये काय मी परत लिहीत न्हाई. बोललास, बास. दिवस बुडायच्या आत दूध-भाकरी खाल्लीस, तुझ्या रीतीनं. सकाळी बघतो तर खाट रिकामी, वाकळंला सुरकुती न्हाई.

तवापास्नं मला भूक लागती. काल दोन भाकऱ्या खाल्ल्या तर वर्षाराणी चुलीपाशी डोळं पुसाय लागली. डॉक्टर म्हणतो, काय औषध बदललं काय? म्हणलो, दोस्त येऊन गेला.

कागद टाक.

कृष्णात

*

शिवाजी पेठ
८ ऑक्टोबर

प्रिय कृष्णा,

तुझं पत्र सहा वेळा वाचलं.

मी आलो नाही. तिकीट माझ्या डायरीत आहे, २८ ऑक्टोबरचं. सप्टेंबरात मी कोल्हापूर सोडलेलं नाही. केतनला पत्र दाखवलं तर तो हसला. म्हणाला, “आण्णा, तुमच्या दोस्ताच्या कानाची न्हवं, डोक्याची बॅटरी उतरली.” मी त्याला रागावलो.

सोनल हसली नाही. ती भांडी पुसत होती, ती तशीच थांबली. म्हणाली, “आण्णा, त्या रविवारी तुम्ही दुपारी झोपलतासा. चहाला दोन हाका मारल्या, उठला न्हाईसा. हाताला हात लावला तर बर्फासारखा गार. श्वास चालू होता, म्हणून मी कुणाला काय बोलले नाही. दिवस बुडल्यावर उठलासा. मी म्हटलं, आज तुमचं जेवण राहिलं. तर म्हणालासा, राहू दे, मी जेवून आलोय.”

मला यातलं काही आठवत नाही, कृष्णा. त्या दुपारचं काहीच आठवत नाही. फळा पुसल्यावर खडूचा पांढरा धूर राहतो ना, तेवढंच आहे.

आणि लोखंडी खाट. ती डाव्या हाताला आहे हे मी तुला लिहिलं होतं, ते मनचं लिहिलं होतं. ती खरंच तिथं आहे?

माझी एकच विनंती. तो काय बोलला ते मला लिही. जसंच्या तसं. ते मला बोलायचं होतं. माझ्या जागी कोणी बोलून गेला असेल तर काय बोलला, एवढं कळण्याचा मला हक्क आहे की नाही?

तात्या

*

दिंडोरी
१४ ऑक्टोबर

तात्या,

खाट हाय. डाव्या हातालाच हाय.

तुझा कागद वाचला आनि दोन दिवस उशाखाली ठेवला. मग म्हणलो, हक्क मागतोय तर देऊन टाकू.

तू खाटंवर बसलास आनि म्हणलास, “कृष्णा, कविता तुझी होती. तुझी आई गेली त्या वर्षी तू वहीच्या शेवटच्या पानावर ती लिहिलीस आणि एकट्या मला दाखवलीस. मी पाठ केली. संमेलनात माझी म्हणून म्हटली, बक्षीस घेतलं. नंतर मास्तरांना तुझ्या वहीत ती सापडली. त्यांनी सगळ्या वर्गासमोर विचारलं, तात्यासो, कविता कुणाची? मी म्हणालो, माझी. त्यांनी तुला चोर म्हटलं, पाच छड्या मारल्या, आणि तू दुसऱ्या दिवसापासून शाळेत आला नाहीस. तुझ्या वडलांनी तुला फौंड्रीत घातलं. तुझे कान मी नेले, कृष्णा. मी त्या कवितेच्या जोरावर मास्तर झालो.”

मग तू कविता म्हणलीस.

नदीवर सोडियेला
एक मातीचा मी दिवा
आई गेली जिथवर
तिथवर त्याने जावा

तुला आठवत असंल, संमेलनात तू ‘आई गेली’ म्हणला न्हवतास. तुझी आई पुढं सतरंजीवर बसलीती, जिती-जागती. तू तिथं ‘सांज गेली’ केलंस. मास्तरांनी पण तसंच फळ्यावर लिहिलं. मला छड्यांचं काय वाटलं न्हाई तात्या, खरं सांगतो. माझी आई त्या कवितेतनं तू काढून टाकलीस त्येचं वाटलं. अठ्ठावन्न सालं कुणी ती ओळ माझ्याम्होरं बरोबर म्हणली न्हाई. त्या दिवशी तू म्हणलीस. ‘आई गेली जिथवर.’ आनि मला ऐकू आली.

आता तू म्हणतोस, मी आलोच न्हाई. मग मला सांग, मी कुणाला माफ केलं? मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, त्येचं काय करू? परवापास्नं परत जेवण जाईना झालंय. वर्षाराणी ताट बघती, मी तिच्याकडं बघतो.

मला शपथ नको, पुरावा नको. एक ओळ लिही. तूच हुतास का न्हवंस. तू जे लिहिशील त्ये मी खरं मानीन. शाळंतनं गेल्यापास्नं तुझं लिहिलेलंच खरं धरत आल्यात समदे.

कृष्णात

*

शिवाजी पेठ
२२ ऑक्टोबर, पाडवा

प्रिय कृष्णा,

मीच आलो होतो.

म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यात दिवसांचा घोळ होतो. कळंब्याच्या तलावावर झाला तसाच. मागच्या पत्रातलं सगळं विसर. शांतपणे आठवलं तेव्हा हळूहळू सगळं वर आलं: ती ओसरी, काड्यांनी भरलेल्या सऱ्या, तू पाठीवर ठेवलेला हात. जे बोललो ते मीच बोललो, आणि मनापासून बोललो. तू क्षमा केलीस. माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं. कविता मी म्हटली ती तुझ्या आईसाठीच.

आता पुन्हा येण्याचं प्रयोजन उरलं नाही असं वाटतं. केतनही म्हणतो, दिवाळीच्या गर्दीत जाऊ नका. तिकीट रद्द केलं आहे. तू जेव. पोटभर जेव. पुढच्या वर्षी द्राक्षं आली की बघू.

आज सकाळपासून ऊन फार सुंदर पडलं आहे. आपल्या वर्गाच्या खिडकीतून तिरपं यायचं तसं.

तुझा क्षमांकित मित्र,
तात्या

*

दिंडोरी
२७ ऑक्टोबर

तात्या,

कागद मिळाला. बास झालं. आता परत त्यो विषय न्हाई.

जेवतोय. आज भाकरी आनि मेथी. औषध लावलेलं डोळं फुटायला लागल्यात, बाग हिरवी दिसाय लागली. तिकीट रद्द केलंस त्ये जरा वाईट वाटलं, पण येऊन गेलेला माणूस परत कशाला यील म्हणा.

एक सांगायचं राहिलं. त्या रविवारीच, दिवस बुडता बुडता, खाटंवरनं उठलास आनि म्हणलास, “आता मी कुठं जाऊ?” मी म्हणलो, कुठं म्हंजे? घरला जा की तुझ्या. तर तू म्हणलास, “तिथं एक जण आहे. मी इथं बोललो ते ‘माझं होतं’ असं त्यानं लिहून दिलं, की मला तिथं जाता येईल.” मला वाटलं, केतनच्या परवानगीचं काय तरी असंल. म्हाताऱ्याला लेकाचं भ्या असतंय. म्हणून तवा लिहिलं न्हाई.

आता तुझा कागद आला त्यात तू समदं कबूल केलंस, आनि मला त्ये बोलणं आठवलं. काय म्हणायचं हुतं तुला? सहज इचारतोय.

बयाबाई म्हणती, दोन दिवसांपास्नं तिला सऱ्यांत पाव्हणं दिसना झाल्यात. आधी रोज दिसायचं म्हणं, लांबनं, बागेच्या पलीकडच्या टोकाला उभं. मला कधी बोलली न्हाई. तिला वाटायचं तू अजून हितंच उतरलाईस.

कृष्णात

*

शिवाजी पेठ
३१ ऑक्टोबर, संध्याकाळचे साडेपाच

कृष्णा,

तुझं पत्र आज दुपारी आलं. मी आतल्या खोलीत टेबलाशी बसून हे लिहितो आहे आणि लिहून होताच सोनलला पोस्टात टाकायला सांगणार आहे. तूर्त एवढंच ध्यानात घे, की हे पत्र मी लिहितो आहे.

तो मी नव्हतो. पाडव्याला लिहिलं ते खोटं.

तुला वाटेल, मित्राला जेवण जावं म्हणून खोटं लिहिलं. मलाही तसंच वाटून घ्यायचं होतं. पण खरं ते सांगतो, कारण हे त्यानं तुझ्या ओसरीवर सांगितलेलं नाही. त्याला ठाऊक नसावं, किंवा ते माझ्यासाठी ठेवलं असावं. घाटगे मास्तरांनी विचारलं, कविता कुणाची, तेव्हा मी घाबरून ‘माझी’ म्हणालो नाही. भीती कसलीच नव्हती. इतके दिवस इतक्या लोकांपुढं म्हटल्यावर ती मला खरोखर माझी वाटू लागली होती. ‘सांज’ हा शब्द घातल्यावर तर नक्कीच माझी. तू छड्या खात होतास तेव्हा मला तुझा राग आला होता, की हा माझ्या कवितेवर हक्क का सांगतो आहे.

आणि तुझं पत्र आलं, त्यानं काय क्षमा मागितली ते शब्द न् शब्द वाचलं, तेव्हाही तेच झालं. इतकं नेमकं, इतकं सोपं मला कधीच सुचलं नसतं. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, हे मीच बोललो असणार. तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा मला तुझी ओसरी आठवायला लागली. मग मी लिहून टाकलं, मीच आलो होतो. एकदा तुझं घेतलं, एकदा त्याचं. तू कधी परत मागायला आला नाहीस.

रविवारी बस्तीत, आमच्या जैन मंदिरात, दर्शनाला गेलो. उपाध्ये म्हणाले, “आण्णा, परत आलासा? मघाशीच तर गेलासा.” मी म्हटलं, चुकताय. कोपऱ्यावर पेपर घ्यायला गेलो, तर दुकानातल्या आक्का म्हणाल्या, “तुमचा पेपर तुम्ही नेलासा की.” काल खिशातला तो कागद शोधला, नाव-पत्त्याचा. नाही. सोनलला विचारलं तर म्हणाली, “तुम्हीच मागून घेतलासा की सकाळी, पत्ता परत वाचून दाखव म्हणालासा.” सकाळी मी तिच्याशी बोललो नव्हतो. ते ऐकलं तेव्हा मला कळलं नाही. आज तुझं पत्र वाचल्यावर कळलं.

म्हणून हे घाईनं, पण पुरतं लिहितो. कृष्णा, ती कविता तुझी आहे. तुझी आई त्यात आहे, मी तिला काढलं, तुझी शाळा काढली, तुझे कान काढले. मला क्षमा कर असं मी म्हणत नाही. तू ती देऊन बसला आहेस आणि ज्याला दिलीस तो ती घेऊन गेला. माझ्यापाशी फक्त हे कबूल करणं उरलं आहे, आणि ते मी माझ्या अक्षरात करतो आहे. तू म्हणालास, मी लिहीन ते खरं मानशील. हे मान. पाडव्याचं पत्र फाड. मी लिहून दिलेलं परत घेतो

दाराची कडी वाजली. केतन शिरोलीहून साडेसातशिवाय येत नाही. सोनल गेली आहे उघडायला.

ती बोलते आहे, मला इथं सगळं ऐकू येतं. म्हणते, “अगंबाई, आण्णा, तुम्ही कवा बाहेर गेलतासा? मला वाटलं आत लिहीत बसलाईसा.”

तो काहीतरी म्हणाला. हळू म्हणाला. ती हसली. माझ्याशी बोलताना ती अशी कितीतरी दिवसांत हसलेली नाही.

“या, हातपाय धुऊन घ्या. दिवस बुडायला आलाय, वाढतेच.”

मी हाक मारली, कृष्णा. सोनल म्हणून, मोठ्यानं, दोनदा. ती दारावरून गेली, आत पाहिलं, आणि खोलीतला दिवा कुणी चालू ठेवला म्हणत बटण बंद केलं. खिडकीतल्या उजेडात लिहितो आहे. स्वयंपाकघरात मांडणीवरून ताट काढल्याचा आवाज झाला.

एकच काढलं.